खांद्याला पक्ष नसतो

वाचकहो, दिवाळी अंकासाठी एक खुसखुशीत कथा द्या, असे संपादकांचे पत्र आले होते. कथा लिहावयास बसलो आणि लेखणी भांडण लिहू लागली. फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढली, असे कोणाला वाटले तर त्याची आधीच क्षमा मागतो. परंतु आमच्या झाडीपट्टीत दिवाळी म्हणजे नुसता फराळ नव्हे. या दिवसांत हलका धान खळ्यावर येतो, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते, दंडार आणि नाटके रात्ररात्र चालतात. धान मोजण्याचे, देणे फेडण्याचे आणि थकलेली बाकी मागण्याचे हेच दिवस. मीही एक बाकी मागावयास आलो आहे. ती माझ्याच माणसांकडे थकली आहे, आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

मी गोंदियाचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, धंदा शाळामास्तरकीचा, व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे, आणि धर्माने ख्रिस्ती. आमची मंडळी लहान आहे. गावाचे नाव सांगितले, मंडळीचे सांगत नाही. कारण मला कोणाची फजिती करावयाची नाही, आणि जे सांगणार आहे ते महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांत, भजनी मंडळांत आणि गणेशमंडळांतही घडत असेल, अशी माझी खात्री आहे.

गोष्ट २०२४ च्या जुलै महिन्यातली. आमच्या मंडळीतली एक म्हातारी वारली. सगळे तिला मावशीच म्हणत. आयुष्यभर विड्या वळून तिने पोट भरले, आणि उरलेल्या वेळात उपासनामंदिर झाडले. रविवारी घंटा तिची, आणि रविवारच्या शाळेत पोरांना शास्त्रातली वचने पाठ करवणारा आवाजही तिचाच. आज मंडळीत जे चाळिशीचे आहेत, त्यांच्यापैकी निम्म्यांचे नाक तिने पदराने पुसलेले आहे. तिला मूल नव्हते. एक भाचा होता. अशा बाईच्या मातीला खरे तर अख्खी मंडळी लोटावयास हवी होती. प्रत्यक्षात आलो किती? पाळकसाहेब, भाचा, मी, दोन म्हातारे आणि चार बाया. पाऊस असा की दफनभूमीच्या फाटकापासून पुढे गाडी जाईना. चिखलातून पेटी खांद्यावरून न्यावयाची, आणि पेटीला कोपरे चार! पाळकसाहेब, भाचा आणि मी, हे झाले तीन. दोन्ही म्हातारे पुढे झाले, पण त्यांचेच पाय घसरत होते.

तेवढ्यात ज्या ऑटोतून बाया आल्या होत्या, त्याचा चालक उतरला. चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाला, "गुरुजी, रुको मत. हम हैं ना." त्याने चौथा कोपरा खांद्यावर घेतला. तो आमच्या धर्माचा नव्हता. त्याच्या ऑटोच्या मागच्या काचेवर एप्रिलमध्ये झालेल्या निवडणुकीतल्या एका उमेदवाराचा फोटो अजून चिकटलेला होता, आणि पावसाने त्याचा एक कोपरा सुटून फडफडत होता. ज्या उमेदवाराच्या नावावरून आमची मंडळी फुटली होती, तोच तो फोटो. ऑटोवाल्याने तो काचेवर मिरवला होता खरा. पण खांद्यावर त्याने मावशीला घेतले.

बाकीचे का आले नाहीत? त्यांना विचारले, तर उत्तर तयार होते: "आम्हाला कळवले नाही." आणि ते अक्षरशः खरे होते! निवडणुकीच्या आधी मंडळीचा व्हॉट्सॲपवर एकच गट होता. निवडणुकीनंतर दोन झाले. भाच्याने निधनाची बातमी ज्या गटात टाकली, तो दुसऱ्यांचा नव्हता. सकाळी सातला गल्लीतल्या कुत्र्यालाही कळले होते की मावशी गेली. पण मंडळीतल्या अर्ध्या घरांना ते अधिकृतपणे कळले नव्हते. वा रे अधिकृतपणा! बाप्तिस्म्याने जे एक झाले होते, ते मोबाइलच्या एका बटणाने दोन झाले.

आता माझा वाटा सांगतो. या फुटीला निमित्त झाले एका सभामंडपाचे. एका उमेदवाराच्या माणसाने मंदिराच्या आवारात पत्र्याचा मंडप घालून देऊ, असे सांगितले. त्याबदली मतदारांची यादी आणि एक छोटीशी सभा. काहींना त्यात उपकार दिसला, काहींना लाच. वाद होणे रास्तच होते. परंतु वाद मंडपाचा राहिला नाही. कोण देशभक्त आणि कोण देशद्रोही, कोण ख्रिस्ताचा आणि कोण पैशाचा, येथपर्यंत तो गेला. एका बाजूने पत्रक काढले. त्यात दुसऱ्या बाजूला "विकले गेलेले" म्हटले होते. ते पत्रक कोणी लिहिले? मंडळीत बरी मराठी लिहिणारा एकच मास्तर आहे. तो शब्द माझा होता. मला तो लिहिताना फार चांगला वाटला होता. मावशीची पेटी खांद्यावर असताना तोच शब्द मला पायातल्या चिखलापेक्षा जड झाला.

म्हणून या लेखाचा पहिला वार माझ्यावर आहे. पण तेवढ्यावर मी थांबणार नाही. मला तिघांशी भांडावयाचे आहे.

पहिला म्हणतो, "मंडळी अल्पसंख्य आहे, म्हणून तिने एकगठ्ठा मत द्यावे; त्याशिवाय कोण विचारतो?" दुसरा म्हणतो, "मंडळीत राजकारण नकोच. तोंड मिटा, गीत गा आणि घरी जा, हीच एकी." तिसरा म्हणतो, "जे आपल्या मताचे नाहीत त्यांनी दुसरी मंडळी काढावी. जागेला काय तोटा आहे?" हे तिघे एकमेकांचे शत्रू समजले जातात. माझ्या मते तिघेही एकाच चुकीची लेकरे आहेत. तिघांनाही वाटते की एकी म्हणजे एकमत. एकाला ते विकावयाचे आहे, दुसऱ्याला त्याचे सोंग करावयाचे आहे, आणि तिसऱ्याला ते मिळत नाही म्हणून घर मोडावयाचे आहे.

ज्या शास्त्राच्या नावाने आपण बाकांवर बसतो, ते काय सांगते? येशूने निवडलेल्या बारा जणांची यादी काढून पाहा. तिच्यात मत्तय आहे, जो जकातदार होता; परक्या राजवटीसाठी आपल्याच लोकांकडून कर उकळणाऱ्या वर्गातला. त्याच यादीत एक शिमोन आहे, ज्याला जिलोत म्हणत. हे नाव पुढे रोमन सत्तेविरुद्ध हत्यार उचलणाऱ्यांना लागले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर एक सरकारी पाटील आणि एक जहाल बंडखोर! हे दोघे तीन वर्षे एका ताटात जेवले. त्यांच्यात वाद झाले नसतील काय? पण गुरूने त्यांना आधी एकमत करा आणि मग माझ्यामागे या, असे सांगितल्याचे कोठेही लिहिलेले नाही. त्याने एका रात्री कमरेला पंचा गुंडाळला, घंगाळात पाणी घेतले आणि दोघांचेही पाय धुतले. एकीचा त्याच्याजवळ असलेला उपाय हा असा होता.

करिंथच्या मंडळीत तर आमच्यासारखेच गट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचे म्हणवीत, कोणी अपुल्लोसाचे, कोणी पेत्राचे. पौलाने काय करावे? आपल्या गटाची पाठ थोपटावी, की नाही? त्याने आपल्याच नावाने जयजयकार करणाऱ्यांना आधी झापले. आणि त्याच पत्रात पुढे तो प्रभुभोजनाचा विषय काढतो; ज्यांच्याजवळ आहे ते आधी खाऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात, याबद्दल कडक शब्द सुनावतो. म्हणजे फूट मतांत दिसली, तरी तिची कसोटी त्याने ताटावर लावली. कोण उपाशी राहिला? मी तेच विचारतो: मावशीची पेटी कोणी उचलली?

कोणी म्हणेल, मास्तर, शास्त्रातले राहू द्या; आमच्या मातीतले सांगा. सांगतो. नागपुराकडून राजनांदगावला जाणारी आगगाडी आमच्या गोंदियावरून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात याच वाटेवर नारायण वामन टिळकांना डब्यात एक परदेशी गृहस्थ भेटले. गोष्टी कवितेवरून निघाल्या आणि धर्मावर आल्या. टिळक तेव्हा हिंदू, स्वभावाने तापट, वादाला एक पाऊल पुढे. तरीही दोघे एका बाकावर बसून बोलत राहिले, आणि उतरताना टिळकांच्या हाती नवा करार होता. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले. लक्ष्मीबाई हिंदू राहिल्या, काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परत आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर होते. एका घरात दोन धर्म आणि दोन चुली! पण घर चालले. लक्ष्मीबाईंनी जातीची बंधने टाकली ती आपल्या विचाराने टाकली, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे सांगावयास नको. ज्या घरात चूलही वेगळी होती, तेथे माणसे टिकली. आणि आमची मंडळी एका पत्र्याच्या मंडपावरून फुटते!

तेच टिळक पुढे १९१७ मध्ये मिशनच्या पगाराबाहेर पडले आणि साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते वारले. दरबाराचे स्वप्न अर्धेच राहिले. पण मराठी ख्रिस्ती माणसाने परक्यांच्या वाटण्या मुकाट्याने आपल्या अंगणात आखून घेऊ नयेत, हे त्यांनी आम्हाला शिकवून ठेवले.

परक्यांच्या वाटण्या म्हणजे काय, त्याचे एक उदाहरण देतो. १८४३ मध्ये स्कॉटलंडातले चर्च फुटले. भांडणाचे मूळ तेथले: पाळक कोणी नेमावा, जमीनदाराने की मंडळीने, आणि सरकारने चर्चच्या कारभारात किती हात घालावा. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले ते या फुटीतून निघालेल्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. त्यांनी शाळा काढली, विद्वत्ता गाजवली. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आजही आहे. त्यांच्या कामाला माझा नमस्कारच आहे. पण ज्या विदर्भाने स्कॉटलंडचा जमीनदार कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्या मंडळीवर त्या भांडणाची पाटी लागली. तिकडे १९२९ मध्ये स्कॉटलंडची बहुतेक चर्चे पुन्हा एक झाली. उसने भांडण मालकाने मिटविले, तरी कुळांनी जपून ठेवावे, असला हा प्रकार.

तो मोडावयाचा प्रयत्नही याच विदर्भात झाला, हे किती जणांना ठाऊक आहे? देश फाळणीच्या आगीत होरपळत असताना, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासेस दक्षिण भारतातली वेगवेगळी चर्चे एक झाली. उत्तरेकडच्या वाटाघाटी तर १९२९ पासून चालल्या होत्या. त्या एकेचाळीस वर्षांनी फळाला आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरांचे मिळून आधीच एक झालेले संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथोडिस्टांची एक शाखा आणि डिसायपल्स. कोणाला बिशप हवा, कोणाला नको; कोणी तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणार, कोणी जाणत्या माणसालाच. यांतले एकही मत त्या दिवशी पुसले गेले नाही. दोन्ही रीती एका घरात ठेवण्याचे ठरले. पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले: तुझी सेवा अपुरी नाही, माझीही नाही, दोघांची मिळून एक. आणि नव्या घराने तीन शब्द आपले ब्रीद म्हणून घेतले: एकता, साक्ष, सेवा.

तो काळ राजकारणाच्या दृष्टीने शांत होता, असे कोणी समजू नये. १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली होती. नागपुरातल्या त्या उपासनेनंतर महिना लोटतो न लोटतो तोच लोकसभा विसर्जित झाली. घराघरांत तट पडले होते. म्हणजे 'आधी देशात शांतता येऊ द्या, मग मंडळीत एकी करू' ही सबब त्या वडीलधाऱ्यांनाही उपलब्ध होती. त्यांनी ती वापरली नाही.

मी हे सोन्याच्या चौकटीत लावण्यासाठी सांगत नाही. मेथोडिस्टांची मोठी शाखा त्याच वर्षी ऐन वेळी बाजूला राहिली. जे एक झाले त्यांच्यातही पुढे जमिनींवरून, इमारतींवरून, समितीच्या खुर्च्यांवरून तंटे झाले, आणि चर्चच्या मालमत्तेचे खटले भारतातल्या कितीतरी कोर्टांनी पाहिले. पाटी एक झाली, पण पेटी उचलणारे खांदे एक व्हावयाचे राहिले, म्हणूनच हे घडले. ब्रीदातला पहिला शब्द आम्ही फलकावर लिहिला आणि तिसरा शब्द पगारी माणसांवर सोपविला. सेवा म्हणजे मिशनचा दवाखाना, सेवा म्हणजे मिशनची शाळा. आपण काय, रविवारी येणारे! आणि ज्यांच्या हातांना एकत्र काम नाही, त्यांच्या जिभांना एकमेकांचेच काम लागते.

येथे एक नाजूक गोष्ट बोललीच पाहिजे. जुन्या मध्यप्रदेश सरकारने १९५४ मध्ये नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली. नागपूर तेव्हा राजधानी होते आणि भंडारा जिल्ह्यातले आमचे गोंदिया त्याच राज्यात होते. १९५६ च्या अहवालाने आरोप केला, की शाळा, दवाखाने आणि मदत यांचा वापर धर्मांतरासाठी होतो. त्या अहवालावर आमच्या बाजूने पुष्कळ टीका झाली, आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु आरोपाला खरे उत्तर कागदावर देता येत नाही. सेवेला पावती मागितली, की ती सेवा उरत नाही, सौदा होतो. मग ती पावती बाप्तिस्म्याची असो की मताची. जो पुढारी मंडप देऊन मत मागतो, त्याला आपण नावे ठेवतो. मग आपण औषध देऊन काही मागितले तर आपल्याला कोणी काय म्हणावे? पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात, म्हणजे आमच्याच मुलखात, येऊन शेकडो अनाथ मुली आणि विधवा केडगावला नेल्या. त्यांच्यावर हिंदू रुष्ट होते, आणि मिशनरीही त्यांच्या स्वतंत्र बाण्यावर नेहमीच खूष नव्हते. त्या कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधल्या गेल्या नाहीत. रमाबाईंच्या श्रद्धेवर वाद घालणारे आजही आहेत. पण ज्या पोरी दुष्काळात वाचल्या, त्या वाचल्या.

आणि आपल्याच मंडळीने हे एकदा करून दाखविलेले आहे, म्हणून तर माझा राग अधिक आहे. २०२० चा मे महिना आठवा. टाळेबंदी. आमच्या जिल्ह्यातून देवरीवरून छत्तीसगडकडे जाणारा हमरस्ता माणसांनी भरला होता. मुंबई-नागपुराकडून निघालेले मजूर, खांद्यावर पोर, पायांना फोड, डोक्यावर बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचे ऊन. आमच्या मंडळीतल्या दोन घरांत २०१९ च्या निवडणुकीपासून बोलाचाली नव्हती. मावशीने दोन्ही घरांत जाऊन सांगितले, "तांदूळ तुझा, भांडे त्याचे. वाद नंतर घाला." दोन्ही घरांचे पुरुष एकाच चुलीपाशी घामाघूम होऊन भात उपसत होते. भाताच्या पुड्या रस्त्यावर वाटल्या. घेणाऱ्याला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, आणि देणाऱ्यांपैकी कोणीही फोटो काढला नाही. पंधरा दिवस हे चालले. त्या पंधरा दिवसांत दोघांपैकी एकाचेही राजकीय मत बदलले नाही! पण पुढे त्यांची बोलाचाली सुरू झाली, ती २०२४ च्या मंडपापर्यंत टिकली. एकी अशी कामाच्या पोटी जन्मते. भाषणांनी ती झालेली मी कधी पाहिली नाही.

आता माझ्यावर उलटणारा प्रश्न मी स्वतःच विचारतो. अन्याय होत असेल, तर मंडळीने बोलू नये काय? बोललेच पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये तो शीखांना, १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेला दलित आजही त्याबाहेर आहे. धर्म बदलला म्हणून गावाने त्याला वेगळ्या विहिरीवर बोलावले असे कोणी पाहिले आहे काय? हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत आमच्या ताटात वाढला जातो, आणि मतदान झाले की ताट उचलले जाते. यावर मंडळीने शंभर वेळा बोलावे. आणि बोलताना हेही कबूल करावे, की जातीची रेघ आपल्याच लग्नांच्या याद्यांतून अजून पुसली गेलेली नाही.

मौन म्हणजे एकी नव्हे, हे जगानेही महाग किंमत देऊन शिकले आहे. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतल्या कितीतरी ख्रिस्ती लोकांनी चर्च त्याच्या पक्षाच्या दारात नेऊन बांधले. तेव्हा १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन गावी काही मंडळ्या एकत्र आल्या आणि त्यांनी जाहीर केले, की चर्चचा धनी एकच आहे आणि तो सरकारात बसत नाही. ते लोकही निरनिराळ्या परंपरांचे होते. तेव्हा बोलावे, पण बोलण्याला एक कसोटी लावावी. जे मी दुसऱ्याच्या पक्षाला सुनावतो, तेच माझ्या पक्षाने केले तर त्याच आवाजात सुनावीन काय? उत्तर 'हो' असेल तर ती साक्ष आहे, 'नाही' असेल तर तो प्रचार आहे. माझे पत्रक या कसोटीला उतरले नव्हते.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत, पण त्या नरम नाहीत. व्यासपीठावर उमेदवाराला जागा नको. बाकावर मात्र त्याला कोणीही अडवू नये. निवडणुकीच्या हंगामात कोणाही पुढाऱ्याचा पैसा, पत्रा किंवा पंखा मंडळीने घेऊ नये. उन्हात बसू, पण मिंधे होऊन सावलीत बसणार नाही. मंडळीचा पै-पैचा हिशेब दर तिमाहीला सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, म्हणजे कोणाला कोणी 'विकला गेला' असे म्हणावयास जागा राहणार नाही. मरणाची बातमी घंटेने सांगावी. घंटेला दोन गट नसतात. आणि दर महिन्याला घराघरांची पाळी लावावी: कोणी सरकारी दवाखान्यात ज्याला कोणी नाही त्याच्या उशाशी बसेल, कोणी वस्तीतल्या पोरांचा अभ्यास घेईल, कोणी मातीला खांदा देईल. पाळी लावताना मुद्दाम दोन विरुद्ध पक्षांची माणसे एका जोडीत घालावी. हे शेवटचे मी शाळेतून शिकलो आहे. भांडखोर पोरांना दोन टोकांना बसवले तर ती चिठ्ठ्या फेकतात. एकाच बादलीला दोघांचे हात लावले तर निदान पाणी तरी येते.

कोणी हसेल, की एवढ्याशा गोष्टींनी देशाचे राजकारण सुधारणार काय? नाही सुधारणार. २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, २०२३ मध्ये दुसरा; काल जे एकमेकांना शिव्या देत होते ते आज एका मोटारीत आहेत. नेते कोणाबरोबर जेवतात याला धरबंध नाही, आणि कार्यकर्ते मात्र चुलत्याच्या तेराव्याला जात नाहीत! आमचे गोंदिया १९५६ मध्ये मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळे होऊन स्वतःच जिल्हा झाले. एवढ्या सीमा बदलल्या. मावशीची गल्ली होती तेथेच आहे. आपल्याला जगावयाचे आहे ते त्या गल्लीत.

जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांनी, "हे त्यांच्या घरचे भांडण", असे म्हणून पान उलटू नये. आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. मालगुजारांच्या काळचे ते तलाव पावसात तुडुंब भरतात, आणि कधी एखाद्या रात्री पाळ झिरपू लागते. त्या रात्री कुदळ घेऊन धावणाऱ्या माणसाला कोणी पक्ष विचारत नाही, कारण पाळ फुटली तर खालची सगळीच बांधी वाहून जाते, मत देणाऱ्याची आणि न देणाऱ्याचीही. तुमच्या गल्लीची पाळ झिरपते आहे काय, हे दिवाळीच्या सुट्टीत घरी आला आहात तोवर पाहून घ्या. कोणाच्या घरी फराळाचे ताट यंदा गेले नाही? त्याचे कारण काय? ते कारण पुढल्या निवडणुकीपर्यंत तरी टिकणारे आहे काय?

माझ्यापुरते मी ठरविले आहे. येत्या २९ नोव्हेंबरला, नागपुरातल्या त्या दिवसाची आठवण म्हणून, सकाळी सात वाजता मी फावडे घेऊन दफनभूमीत जाणार आहे. पावसाळ्यात मावशीच्या कबरेवरची माती खचली आहे आणि फाटकापासूनची वाट गवताने बुजली आहे. ज्यांना मी पत्रकात तो शब्द लिहिला होता, त्यांच्या दारी मी आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगणार आहे, म्हणजे कोणाला "कळवले नाही" असे म्हणता येऊ नये. क्षमा आधी मागेन, मग फावड्याचे सांगेन. कोण येईल, कोण नाही, ते मी धरून बसणार नाही. ऑटोवाल्याला मात्र बोलावणार नाही. त्याने त्याचे काम केले आहे. आता पाळी आमची आहे.